अ‍ॅव्हरेज किती देते? नवी गाडी घेणाऱ्यांचे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या आधी दरवर्षी होतं तेच यंदाही झालंय, निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आलेत की कुठली गाडी अ‍ॅव्हरेज जास्त देते. म्हणून या अंकात फक्त तेच घेतलेत. हिशोबासाठी पेट्रोल 104 रुपये लिटर आणि सीएनजी 90 रुपये किलो धरलंय, तुमच्या पंपावर भाव वेगळा असेल तर तो घालून परत आकडेमोड करा, पद्धत तीच राहते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. घर वाईला आणि शाळा पाचगणीला, त्यामुळे रोज पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. स्विफ्ट घ्यायचं जवळपास ठरलंय. शोरूमवाला म्हणतो 24.80 देते आणि ऑटोमॅटिक घेतली तर 25.75. आमच्या गल्लीत हीच गाडी दोघांकडे आहे, एक म्हणतात 15 देते, दुसरे म्हणतात 21. खरं कोणाचं मानायचं? (वाई)

ताई, तिघंही खरंच बोलतायत.

24.80 हा आकडा कंपनीने मनाने छापलेला नाही, तो सरकारमान्य चाचणीतला आहे. अशा चाचण्या ज्या संस्था करतात त्यातली आपल्याला नावाने माहीत असलेली म्हणजे पुण्यातली एआरएआय, 1966 सालची संस्था, पौड रोडवरनं वर वेताळ टेकडीवर गेलं की दिसते. म्हणून तर लोक त्या आकड्याला सरळ ‘एआरएआय अ‍ॅव्हरेज’च म्हणतात. पण चाचणी होते कशी ते एकदा समजून घ्या म्हणजे गोंधळच राहणार नाही. गाडी रस्त्यावर जातच नाही, एका बंद खोलीत मोठ्या रोलरवर चाकं ठेवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करत चालवतात. सगळा कार्यक्रम जेमतेम 20 मिनिटांचा, अंतर साधारण साडेदहा किलोमीटर, कमाल वेग 90 आणि सरासरी बत्तीसच्या आसपास. वेग वाढवतात तोही अगदी सावकाश, आणि एसी बंद. घाट नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर तीन माणसं नाहीत, पुढे उसाचा ट्रॅक्टर नाही. अशा चाचणीत 24.80 येणारच.

मग तो आकडा टाकाऊ का, तर तसंही नाही. सगळ्या गाड्यांना तीच चाचणी असते त्यामुळे दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो चांगला आहे, एकीचा 24 आणि दुसरीचा 18 असेल तर रस्त्यावरही पहिली पुढेच राहील. फक्त तो आकडा घेऊन महिन्याच्या पेट्रोलचं बजेट करू नका. मी शहरातल्या गाडीसाठी त्यातून तिसरा हिस्सा कमी करतो आणि मोकळ्या हायवेसाठी पाचवा. म्हणजे 24.80 चे शहरात साडेसोळा, हायवेला वीसच्या जवळ. आणि 24.80 विरुद्ध 25.75 हा फरक तर तुमचा पाय किती जड आहे त्यातच गडप होतो, ऑटोमॅटिक घ्यायची तर घाटात क्लच-गिअरचा त्रास वाचतो म्हणून घ्या, अ‍ॅव्हरेजसाठी नको.

आता तुमचा घाट. चढताना जे पेट्रोल जातं ते उतरताना सगळं परत मिळत नाही, पण बरंच वाचवता येतं. आजकालच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरनं काढला की इंजिनाचं पेट्रोल बंद होतं, गाडी उताराच्या जोरावर इंजिन फिरवते. न्यूट्रल केलं की मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापले की लागत नाहीत. पसरणी घाटात न्यूट्रल टाकून उतरणारे लोक मी स्वतः बघितलेत आणि दर वेळी जीव घाबरतो. कृपया तसं करू नका, सेकंड किंवा थर्डला उतरा, त्यातच पेट्रोलही वाचतं.

आणि शेजाऱ्यांना नुसतं ‘किती देते’ असं विचारू नका. मोजलं कसं ते विचारा. डॅशबोर्डवरचा आकडा बघून सांगत असतील तर तो बहुतेक वेळा थोडा चढाच असतो. टाकी टू टाकी मोजलं असेल तरच धरा, म्हणजे पंपावर नोझल स्वतःहून कट होईपर्यंत भरायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, तीनचारशे किलोमीटर चालवायचं आणि परत त्याच पंपावर पहिल्या कटपर्यंत भरायचं, जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागायचं. ऑटो कटनंतर पोऱ्याने ‘राउंड फिगर करू का’ विचारलं तर नाही म्हणा, तिथंच हिशोब बिघडतो. एकदा मोजून थांबू नका, तीन टाक्या मोजा. मी 1998 पासून असं वहीत लिहून ठेवतोय. एकाच गाडीचा एकाच माणसाच्या हातात उन्हाळ्यात आणि थंडीत दीड-दोनचा फरक पडतो, मग दोन घरांत सहाचा पडला तर त्यात नवल काही नाही.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको हिंजवडीत कामाला आहोत, आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जावं लागतं, बाकी घरून काम. गाडीचं रनिंग महिन्याला साडेतीनशे किलोमीटर असेल. सगळे म्हणतायत सीएनजीच घ्या, पेट्रोल परवडत नाही. सीएनजी मॉडेल 95 हजारांनी महाग पडतंय. घ्यावं का? (पुणे)

तुमच्या रनिंगला नको, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते कसं आलं ते दाखवतो म्हणजे मी सांगतोय म्हणून मानायची गरज नाही.

पेट्रोलची गाडी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये खरं 16 देते असं धरा, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. सीएनजी 24 देईल, किलोमीटरला पावणेचार रुपये. किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचले. छानच आहे. पण तुम्ही वर्षाला चालवणार 4200 किलोमीटर, म्हणजे वर्षाला वाचणार साडेअकरा हजार, आणि 95 हजार भरून निघायला आठ वर्षांच्या वर लागणार. तेच माझा एक भाचा चाकणला रोज जातो, त्याचं रनिंग महिन्याला 1500 आहे, त्याचे तेवढेच पैसे दोन वर्षांच्या आत वसूल. गाडी तीच आणि भाव तोच, पण उत्तर उलटं. म्हणून कोणी ‘सीएनजीच घ्या’ म्हटलं की आधी त्याचं महिन्याचं रनिंग विचारा.

सीएनजीच्या बाजूनेही सांगायला हवं. महाराष्ट्रात सीएनजी गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी टक्क्यांनी लागतो, त्यामुळे शोरूम किमतीतला फरक बघू नका, दोन्हीचं ऑन-रोड कोटेशन शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक थोडा कमी झालेला दिसेल. पण डिकीतली जागा जाते (दोन लहान सिलिंडर खाली बसवलेली मॉडेलं आलीत, त्यात बरीच वाचते), ताकद कमी होते, स्विफ्टमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण 15 टक्क्यांनी, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते. टाकीत आठेक किलो गॅस बसतो, म्हणजे दोनशे किलोमीटरला परत पंप, आणि पुण्यातल्या सीएनजी पंपांच्या रांगा तुम्ही रोज बघताच. आणखी एक, ब्रोशरमध्ये सीएनजीचा आकडा 32.85 असा दिसतो आणि माणूस लगेच पेट्रोलच्या 24.80 शी ताडून बघतो, पण पहिला किलोमागे आहे आणि दुसरा लिटरमागे. एक किलो आणि एक लिटर यांची तुलना होत नाही, दोन्ही रुपयांत आणूनच बघायचं.

यात मी स्वतः पोळलोय म्हणून इतकं लिहितोय. 2012 साली पेट्रोल सत्तरीच्या पुढे होतं आणि डिझेल पंचेचाळीसच्या आसपास, लिटरमागे जवळपास तीस रुपयांचा फरक. महिन्याला 600 किलोमीटर रनिंग असताना मी लाख रुपये जास्त देऊन डिझेल गाडी घेतली. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले, फरक कमी होत गेला, सर्व्हिसिंगचं बिल मात्र पेट्रोलपेक्षा जास्तच यायचं. सात वर्षांनी 50 हजार किलोमीटरला गाडी विकली तेव्हा वही काढून हिशोब केला, लाख काही वसूल झाले नव्हते. आजच्या भावातला फरक उद्या तसाच राहील असं धरून आठ वर्षांचा हिशोब करू नये हे तेव्हा शिकलो.

प्रश्न : घरात दोन गाड्या आहेत. एक जुनी सात सीटर डिझेल, 10 चं अ‍ॅव्हरेज देते. दुसरी मुलाची छोटी डिझेल कार, ती 18 देते. दोन्हीचं रनिंग वर्षाला 12 हजारच्या आसपास. एकच बदलायचं बजेट आहे. मोठी बदलली तर नवीन 13 देईल, छोटी बदलली तर नवीन 24 देईल. मुलगा म्हणतो 18 चे 24 म्हणजे सहाचा फायदा, मोठीत तीनचाच, म्हणून छोटी बदला. बरोबर आहे ना? (छत्रपती संभाजीनगर)

असा प्रश्न पाठवल्याबद्दल तुमचे खास आभार, कारण गाडी घेताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते आणि फसवणारं दुसरं कोणी नसतं, ‘लिटरला किती किलोमीटर’ हे मापच फसवतं.

किलोमीटर सोडा, लिटर मोजा. मोठी गाडी 12 हजार किलोमीटरला आज 1200 लिटर पिते. 13 देणारी आली तर 923 लिटर. वाचले 277. छोटी आज 667 लिटर पिते, 24 देणारी आली तर 500. वाचले 167. म्हणजे तीनचा फायदा हा सहाच्या फायद्यापेक्षा 110 लिटरने मोठा आहे, दर वर्षी.

असं होतं कारण आपलं रनिंग ठरलेलं असतं. मुलाचं कॉलेज तेवढंच लांब, तुमचं शेत तेवढंच लांब, अ‍ॅव्हरेज वाढलं म्हणून कोणी रोज जास्त फिरत नाही. अंतर कायम असेल तर बदलतं ते लिटर, आणि जी गाडी मुळात जास्त पिते तिथे थोडी सुधारणाही मोठी बचत देते. 10 ची 12 केली तरी 12 हजार किलोमीटरला 200 लिटर वाचतात, 20 ची 24 केली तर 100 च वाचतात. युरोपात म्हणूनच ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं मोजतात, आणि अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर जो कागद लावतात त्यावर ‘शंभर मैलांना किती गॅलन’ हेही 2013 च्या मॉडेलपासून छापतात. आपल्याकडेही तसं छापायला हवं असं मला मनापासून वाटतं, ते होईपर्यंत 100 ला अ‍ॅव्हरेजने भागायची सवय लावा, 10 चे 10 लिटर, 13 चे 7.7, 18 चे 5.6, 24 चे 4.2, की फरक डोळ्यांसमोर येतो.

मोठी बदला. मुलाला हे गणित वाचायला द्या, तो चुकला नाही, भले भले इथे चुकतात.

प्रश्न : मी नागपूरला राहतो, ग्रँड व्हिटाराचं साधं पेट्रोल मॉडेल 21.11 आणि स्ट्राँग हायब्रिड 27.97 असं लिहिलंय. महिन्यातून एकदा समृद्धीने मुंबईला जातो, बाकी शहरातच. हायब्रिडचे जादा पैसे वसूल होतात का? (नागपूर)

तुमचे जास्त किलोमीटर कुठे होतात त्यावर आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत साठते आणि सिग्नलवर, रांगेत, हळू चालताना गाडी त्या बॅटरीवर ढकलली जाते, इंजिन बंद. म्हणजे सारखं थांबा-चाला असेल तिथे ती खरी कमावते. सीताबर्डीत संध्याकाळी साधी गाडी बारा-साडेबारावर येईल तिथे हायब्रिड वीसच्या वर देऊ शकते. समृद्धीवर मात्र ब्रेकच लागत नाही, मग साठवायचं काय? तिथे दोन्हीतला फरक बराच कमी होतो.

नुसत्या तुलनेसाठी वर्षाला 15 हजार किलोमीटर धरा. छापील आकड्यांनी 711 लिटर विरुद्ध 536, वाचतात 175, म्हणजे 18 हजार रुपये. सगळं शहरात चालवलं तर 1200 विरुद्ध 730, वाचतात 470, जवळपास 49 हजार. कोटेशनमध्ये 3 लाखांचा फरक असेल तर पहिल्या हिशोबाने सोळा वर्षं आणि दुसऱ्याने सहा. पण दर महिन्याला मुंबईला जाऊन-येऊन तुमचे 1400-1500 किलोमीटर समृद्धीवरच होतात म्हणजे वर्षाला सतरा हजार, त्यामुळे माझ्या मते तुम्हाला साधं मॉडेल पुरे.

समृद्धीचं निघालंच आहे तर आणखी एक. 701 किलोमीटर, कारला 120 ची परवानगी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 90 वरनं 120 वर गेलं की तो पावणेदोन पट होतो. 90 ने 20 देणारी गाडी 120 ने साडेचौदा देते असं धरलं तर एका फेरीत तेरा लिटर जास्त, म्हणजे साडेतेराशे रुपये, आणि वाचतात दोन तास. ज्याने त्याने ठरवावं, मी 95-100 ने जातो. टायर मात्र निघायच्या आधी, गार असताना तपासा, हवा कमी असेल तर अ‍ॅव्हरेज जातंच पण त्या काँक्रीटवर त्या वेगाला टायर फुटायचा धोका खरा आहे.

प्रश्न : आम्ही ऊस पिकवणारे. आमच्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं याचा आनंद आहे, पण 2019 ची गाडी 18 द्यायची ती आता 13 वर आलीय, मेकॅनिक म्हणतो ई20 मुळे, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे. नवीन घेताना काय बघू? (कोल्हापूर जिल्हा)

दादा, ई20 ने अ‍ॅव्हरेज कमी होतं हे खरं, पण एवढं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि पेट्रोलमध्ये ते पाचवा हिस्सा आहे, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेतसुद्धा सहा-सात टक्क्यांची घट. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्केच म्हटलंय, आणि ई20 साठी ट्यून केलेल्या गाड्यांसाठी 1 ते 2. 18 चे सतरा होतील. 13 होत असतील तर मेकॅनिक दुसरं काहीतरी बघायचं टाळतोय. एअर फिल्टर, प्लग, टायरची हवा, ब्रेक चिकटतायत का, हे सगळं आधी बघून घ्या, गाडी विकायचीही गरज पडणार नाही कदाचित. नवीन घेतलीच तर एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्या ई20 ला चालतील अशा साहित्याच्याच येतात, तरी मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या झाकणापाशी ई20 लिहिलंय ना ते बघून घ्या, सेकंड हँड घेताना तर नक्कीच.

प्रश्न : मी लेस्टरला असते, भाऊ न्यू जर्सीला. मी घेतेय ती गाडी 50 एमपीजी (गॅलनला 50 मैल) देते, त्याची 33 देते. बाबा चिपळूणहून विचारतात की आपल्या भाषेत सांगा. (इंग्लंड)

बाबांना सांगा, तुमची 17.7 आणि भावाची 14. दोघांचा गॅलन वेगळा आहे, इंग्लंडचा 4.55 लिटरचा आणि अमेरिकेचा 3.79 चा. भावाची गाडी तुमच्या मापात चाळीसच्या जवळ येते, त्यामुळे त्याला चिडवू नका. तुमच्याकडच्या आणि अमेरिकेतल्या चाचण्या आपल्या एआरएआयच्या चाचणीपेक्षा कडक असतात, म्हणून तिथला छापील आकडा चिपळूणच्या शोरूममधल्या आकड्याशी जोडून बघायचा नाही.

प्रश्न : काका, पहिली नोकरी लागलीय, सातपूर एमआयडीसीत, रोजचं जाऊन-येऊन 40 किमी. घरचे म्हणतात 60 देणारी 100 सीसी घे, मला 160 सीसी आवडलीय, ती 45 देते. ती 50 हजारांनी महाग आहे. (नाशिक)

बेटा, नोकरीबद्दल अभिनंदन. महिन्याला 25 दिवस धरले तर 1000 किलोमीटर. साठवाली 16.7 लिटर पिणार, पंचेचाळीसवाली 22.2. फरक साडेपाच लिटर, पावणेसहाशे रुपये महिना. म्हणजे पेट्रोलचा फरक फार मोठा नाहीये, मोठा आहे तो 50 हजारांचा. ते कर्जाने घेणार असशील तर तीन वर्षांच्या हप्त्यात महिन्याला सोळा-सतराशे रुपये वाढतात, टायर-इन्शुरन्सही थोडा महाग. सगळं मिळून महिन्याला बावीसशे-तेवीसशे जास्त. पहिला पगार हातात आल्यावर, घरी द्यायचे ते देऊन, एवढे आरामात निघत असतील तर आवडलेली घे, रोज 40 किलोमीटर तुलाच चालवायचीय. ओढाताण होत असेल तर शंभरवाली घे आणि दोन वर्षांनी बदल, त्या गाडीला सेकंड हँडमध्ये गिऱ्हाईक लगेच मिळतं. आणि दोन्हींत हेल्मेटचे पैसे वेगळे काढून ठेव, गाडीसोबत फुकट मिळणाऱ्या हेल्मेटवर आयएसआय मार्क आहे का ते बघ, नसेल तर दुसरं घे.